लघुकथेत वस्तूंचे स्थान
(शिंपी समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



वार्षिक मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार व्हावा, वधूवर-सूचक समितीचा अहवाल वाचला जावा, वसतिगृहाच्या निधीसाठी आवाहन व्हावे, हे रीतीस धरून आहे. अशा प्रसंगी लघुकथेसारख्या विषयावर बोलणे कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु यंदा स्मरणिकेसाठी आलेल्या कथा वाचून निवड करण्याचे काम मंडळाने आमच्याकडे सोपविले, आणि त्या वाचनातून जे मनात आले ते समाजापुढे मांडावे असे आम्हांस वाटले. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. जन्म गेला तो प्राथमिक शाळेत. परदेशी कथा आम्ही वाचल्या त्या अनुवादांतून, वाचनालयात हाती लागल्या तशा. तेव्हा साहित्यशास्त्राची परिभाषा आमच्याकडून ऐकावयास मिळणार नाही. आम्ही बोलणार आहोत ते कोट, हार, चिमटा, बांगड्या अशा हाताला लागणाऱ्या वस्तूंविषयी.

आलेल्या कथा वाईट नव्हत्या. भाषा नेटकी होती. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका आमच्या अपेक्षेहून कमी होत्या, याबद्दल समाजातील मुलांचे आणि त्यांच्या शिक्षकांचे अभिनंदन केले पाहिजे. पण एकामागून एक कथा वाचीत गेलो तसे ध्यानात येऊ लागले की, या कथांतील माणसांच्या घरी काही चीजवस्तूच नाही. माणसे प्रेम करतात, रुसतात, परगावी जातात, मरतातही; पण ती कशावर निजतात, कशाने पाणी पितात, अंगावर काय घालतात याचा पत्ता लागत नाही. एका कथेतील नायिका ‘सुंदर साडी’ नेसून येते. लेखिका आपल्याच समाजातील मुलगी. काठ दोन बोटांत धरून सूत कोणते आणि रंग टिकेल की नाही हे जी डोळे मिटून सांगेल, तिने ‘सुंदर’ या एका शब्दावर साडीची बोळवण करावी? आणि मनाला सर्वांत अधिक लागले ते हे की, एकाही कथेत शिवणयंत्राचा आवाज नाही. नायकाचे वडील कोठे बँकेत, कोठे कचेरीत, तर कोठे नुसतेच ‘खाजगी नोकरीत’. एका तरुण लेखकास आम्ही विचारले, “बाळ, तुझ्या घरी दोन पिढ्यांचे दुकान आहे. मग कथेतल्या बापाला नोकरी का लावलीस?” तो खाली पाहून म्हणाला, “गुरुजी, स्मरणिका बाहेरचे लोकही वाचतात.”

आजचे भाषण त्या उत्तरासाठी आहे.

रशियात गोगोल नावाचा थोर लेखक होऊन गेला. त्याची ‘ओव्हरकोट’ ही कथा १८४२ साली प्रसिद्ध झाली, आणि तिची गणना आजही जगातील उत्तम कथांत होते. कथेचा नायक अकाकी अकाकियेविच हा पीटर्सबर्गच्या एका सरकारी कचेरीतला नकलनवीस. पगार वर्षाला ४०० रूबल. त्याचा जुना कोट पाठीवर आणि खांद्यांवर इतका विरला आहे की, तिकडची हाडे गोठविणारी थंडी आरपार जाते. तो कोट घेऊन तो आपल्या शिंप्याकडे जातो. या शिंप्याचे नाव पेत्रोविच. आता ज्ञातिबंधूंनी कान द्यावा. पेत्रोविच मेजावर मांडी घालून अनवाणी बसला आहे, गळ्यात रेशमाची आणि दोऱ्याची लड, मांडीवर जुन्या कपड्याचे तुकडे, आणि दोरा सुईत जात नाही म्हणून तो अंधारावर आणि दोऱ्यावर चिडला आहे. त्याला एकच डोळा. बंधूंनो, संध्याकाळी दिव्याच्या मंद उजेडात सुईत दोरा ओवताना ज्याचा जीव मेटाकुटीस आला आहे त्यास हे वाचून असे वाटेल की, गोगोल आपल्याच दुकानाच्या पायरीवर बसून गेला असावा. पेत्रोविच जुना कोट हाती घेतो, उजेडाकडे धरतो, फिरवून पाहतो आणि मान हलवितो: याला ठिगळ लावावे तर ठिगळ धरून ठेवावयासही कापड उरलेले नाही. आपणांपैकी किती जणांनी किती गिऱ्हाइकांना हे सांगितले असेल!

नवा कोट शिवावयाचा तर पेत्रोविच प्रथम दीडशे रूबलांच्या गोष्टी करतो, पण तो ऐंशीत शिवील हे अकाकीला ठाऊक आहे. ऐंशीपैकी चाळीस रूबल त्याने वर्षानुवर्षे एका पेटीत टाकून साठविलेले. उरलेल्यांसाठी तो संध्याकाळचा चहा सोडतो, रात्री मेणबत्ती लावीत नाही, रस्त्याने चालताना जोड्याचे तळवे झिजू नयेत म्हणून बोटांवर हलके हलके चालतो, आणि घरी आल्याबरोबर कपडे उतरवून ठेवतो की ते लवकर धुवावयास पडू नयेत. पुढे त्याला अपेक्षेहून थोडे अधिक, साठ रूबल, बक्षीस मिळते आणि कापड घेण्याचा दिवस उजाडतो. दोघे मिळून दुकानात जातात. कापड उत्तम घेतात. अस्तराला चांगल्या प्रतीचे सुती कापड. गळपट्टीला मार्टेन नावाच्या प्राण्याचे किमती केस हवेत, पण ते परवडत नाहीत. म्हणून मांजराचे घेतात, दुरून पाहणाऱ्यास मार्टेनच वाटावे असे. शिलाई बारा रूबल, कारण सर्व काम रेशमी दोऱ्याने, बारीक दुहेरी टाक्याचे. आणि प्रत्येक शिवणीवरून पेत्रोविच आपले दात फिरवून नक्षी उठवितो. तो स्वतःच सांगतो की, पीटर्सबर्गच्या नेव्स्की या मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात नुसत्या शिलाईचे पंचाहत्तर रूबल घेतले असते. बारा आणि पंचाहत्तर! गल्लीत पाटीवाचून बसणारा कारागीर आणि हमरस्त्यावरचे दुकान यांतील अंतर गोगोलने एका वाक्यात सांगून टाकले आहे.

आम्ही हे इतके विस्ताराने का सांगितले? पहिल्याच रात्री चौकात दोन दांडगे पुरुष तो कोट अकाकीच्या अंगावरून ओढून नेतात, तेव्हा वाचकाच्या अंगावरून काहीतरी ओढले जाते. असे का होते? लेखकाने ‘त्याला फार दुःख झाले’ असे लिहिले म्हणून नव्हे. त्या कोटात सोडलेला चहा आहे, विझविलेली मेणबत्ती आहे, बोटांवर चाललेले रस्ते आहेत, मांजराच्या केसांची गळपट्टी आहे, हे सर्व आपण मोजून घेतलेले असते. कथेत वस्तू जड होते ती तिच्या मोलाने. आणि मोल म्हणजे बाजारभाव नव्हे, तर ती कोणी कशी केली आणि ती घेताना कोणी काय सोडले, हा हिशेब. हा हिशेब ज्या कथेत चुकला तेथे वस्तू नाटकाच्या पडद्यावर रंगविलेल्या खुर्चीसारखी होते. तिच्यावर कोणास बसता येत नाही.

या कथेच्या जन्माची हकीकत गोगोलच्या परिचयाच्या आन्येनकोव्ह या गृहस्थाने लिहून ठेविली आहे. मित्रमंडळींत कोणी एक गंमत सांगितली. एका गरीब कारकुनास पक्ष्यांच्या शिकारीचा नाद. त्याने काटकसर करून दोनशे रूबलांची बंदूक घेतली आणि पहिल्याच दिवशी नावेतून जाताना ती बोरूच्या बेटाला अडकून पाण्यात गेली. बिचारा तापाने अंथरुणास खिळला; सोबत्यांनी वर्गणी काढून दुसरी बंदूक घेऊन दिली तेव्हा उठला. सारे हसले, गोगोल मात्र मान खाली घालून ऐकत राहिला. पुढे त्याने कथा लिहिली तेव्हा बंदुकीचा कोट केला. लेखकाची सारी प्रतिभा आम्हांस या एका बदलात दिसते. बंदूक हौसेची, कोट थंडीचा. बंदूक गेली तर माणूस हळहळतो. पीटर्सबर्गच्या हिवाळ्यात कोट गेला तर मरतो. आणि कथेत सोबत्यांची वर्गणी निघते तीही नाममात्र, कारण साहेबांच्या तसबिरीसाठी नुकतीच एक वर्गणी देऊन झालेली असते!

अकाकीच्या मागे राहिले काय? हंसाच्या पिसांच्या लेखण्यांची जुडी, थोडे कोरे सरकारी कागद, मोज्यांचे तीन जोड, विजारीची तुटलेली दोनतीन बटणे आणि तो जुना कोट. मृत्युलेख लिहावा तर असा.

आता फ्रान्सकडे वळू. मोपासाँची ‘हार’ ही कथा १८८४ सालची. शाळेच्या पाठ्यपुस्तकांतून ती पुष्कळांच्या परिचयाची आहे. एका कारकुनाची बायको मेजवानीस जाण्यासाठी मैत्रिणीचा हिऱ्यांचा हार मागून नेते, तो हरवतो, नवा घेऊन परत करण्यासाठी नवराबायको छत्तीस हजार फ्रँकांचे ओझे डोक्यावर घेतात आणि दहा वर्षे झिजतात. शेवटी कळते की मूळ हार खोटा होता, फार तर पाचशे फ्रँकांचा. लग्नसराईत शेजारणीचा डाग मागून घालणाऱ्या आमच्या भगिनींना या कथेचे निरूपण नकोच. आम्हांस दोन बारकावे दाखवावयाचे आहेत, जे वाचक बहुधा ओलांडून जातात.

पहिला डबीचा. हार हरवल्यावर ती दोघे काळ्या साटिनची रिकामी डबी घेऊन, आत ज्याचे नाव आहे त्या जवाहिऱ्याकडे जातात. तो वह्या पाहून सांगतो की, हार मी विकला नाही. मी फक्त डबी दिली. सारे गुपित येथेच उघडे पडले आहे: खऱ्या पेढीची डबी आणि आत दुसरीकडचा माल. पण त्या दोघांप्रमाणेच वाचकही घाबरलेला असतो, त्यामुळे कोणास दिसत नाही. कथाकाराची प्रामाणिकता अशी असावी. शेवटी फसविले म्हणून त्याच्यावर आळ घेता येत नाही.

दुसरा बारकावा तर खास आपल्या धंद्याचा. हार हरवतो कशामुळे? मेजवानी संपल्यावर नवरा बायकोच्या खांद्यांवर तिची रोजची साधी वस्त्रे टाकतो. चारशे फ्रँकांच्या पोशाखावर ती विशोभित दिसतात. शेजारी इतर स्त्रिया किमती लोकर-कातडी पांघरीत आहेत. त्यांनी पाहू नये म्हणून ती घाईने जिना उतरते, वाहनासाठी रस्त्याने चालत सुटते, आणि घरी आरशापुढे ती वस्त्रे काढते तो गळा मोकळा. कथेला नाव हाराचे मिळाले, पण कथा फिरते ती त्या साध्या, रोजच्या, लाज वाटलेल्या पांघरुणावर. (ते चारशे फ्रँक नवऱ्याने बंदुकीसाठी साठविले होते. बंदूक येथेही आलीच!)

बंदुकीवरून चेकॉव्ह आठवतो. रंगभूमीवर भरलेली बंदूक ठेवावी तर ती उडालीच पाहिजे, अशा अर्थाचा त्याचा नियम सर्वतोमुखी आहे. नियम चांगला, नाटकास विशेष चांगला. पण नवशिके लेखक त्यावरून असे समजतात की, कथेतील प्रत्येक वस्तूने शेवटी काही पराक्रम केलाच पाहिजे. पेत्रोविचच्या तपकिरीच्या डबीवर एका सेनापतीचे चित्र आहे. त्याच्या तोंडाच्या जागी बोटाने भोक पडले म्हणून कागदाचा चौकोन चिकटविला आहे. ही डबी पुढे काहीही करीत नाही. पण ती काढून टाका म्हणजे पेत्रोविचचे घर ओस पडेल. स्वतः चेकॉव्हनेही कोरोलेन्को या लेखकाशी बोलताना मेजावरची राखदाणी उचलून म्हटले होते की, सांगाल तर उद्या हिच्यावर कथा लिहून देतो. राखदाणी काय उडणार आहे?

ओ. हेन्रीच्या १९०५ सालच्या सुप्रसिद्ध नाताळकथेविषयी थोडक्यात सांगतो. बायको नवऱ्याच्या घड्याळासाठी साखळी घ्यावी म्हणून आपले केस विकते, नवरा तिच्या केसांसाठी कंगवे घ्यावेत म्हणून घड्याळ विकतो. गोड कथा आहे, मुलांना फार आवडते. आम्हांस मात्र ती तराजूच्या दोन पारड्यांसारखी वाटते. काटा नेमका मध्यावर यावा म्हणून वजने आधीच मोजून ठेविलेली. तरीही एक डॉलर सत्याऐंशी सेंट हा तिच्या हातातला आकडा कोणी विसरत नाही, हे कबूल केले पाहिजे.

आपल्या देशातील कथांत या बाबतीत प्रेमचंदांची बरोबरी करणारे थोडे. ‘ईदगाह’मधील लहानगा हमीद जत्रेत मातीची खेळणी न घेता, पोळी भाजताना आजीची बोटे भाजतात म्हणून तीन पैशांचा लोखंडी चिमटा घेतो, हे सर्वांना ठाऊक आहे. आम्ही वर्गात ही कथा सांगत असू तेव्हा मुले सर्वांत आधी विचारीत: “गुरुजी, त्याच्याजवळ किती पैसे उरले?” मुलांना हिशेब कळतो. पण ते तीन पैसे आले कोठून? म्हातारी अमीना दुसऱ्यांचे कपडे शिवते. एका शिवणीचे तिला आठ आणे मिळाले; ते तिने ईदसाठी जपून ठेविले; गवळणीचे देणे चुकविता चुकविता त्यांतले दोन आणे राहिले. दोन आण्यांचे आठ पैसे: तीन हमीदच्या खिशात, पाच अमीनाच्या बटव्यात. म्हणजे तो चिमटा सुईदोऱ्यातून आला आहे, बंधूंनो! शिवणकाम करणाऱ्या एका म्हातारीच्या टाक्यांतून. त्यांच्या ‘कफन’ कथेत तर वस्तू कथेत येतच नाही. सून मेली, घीसू आणि माधव या बापलेकांनी गावातून मागून पाच रुपये जमविले, बाजारात रेशमी, सुती नाना कापडे पाहिली, आणि शेवटी दारूच्या गुत्त्यात बसले. जिवंतपणी जिला अंग झाकावयास चिंधी मिळाली नाही तिला मेल्यावर नवे कापड कशाला, हा त्यांचा सवाल. तो खोटा म्हणता येत नाही आणि पचतही नाही. न घेतलेल्या कापडाचे एवढे वजन आम्ही दुसऱ्या कोणत्या कथेत पाहिलेले नाही.

रवींद्रनाथांच्या ‘काबुलीवाला’ (१८९२) मधील वस्तूस बाजारात कवडीही मिळणार नाही: मळक्या कागदावर काजळीने उमटविलेला मुलीच्या पंज्याचा ठसा, जो रहमतने परमुलखात छातीशी बाळगला. तो पाहून मिनीचे वडील घरच्या लग्नातील विजेची रोषणाई आणि बँड कमी करून त्याला घरी जावयास पैसे देतात. येथेही कागदासाठी कोणी काय सोडले ते लेखकाने सांगितलेच आहे.

मराठीत य. गो. जोशी यांच्या कथांची नावेच पाहावीत: ‘वहिनींच्या बांगड्या’, ‘शेवग्याच्या शेंगा’. दोहोंवर शांताराम आठवल्यांनी चित्रपट काढले, १९५३ व १९५५ साली. मध्यमवर्गीय घरातील ऋणानुबंध बांगड्यांत आणि शेंगांत बांधता येतो, हे त्या काळी घरोघर पटले. आणि त्याच सोन्याची दुसरी बाजू अण्णा भाऊ साठे यांच्या ‘स्मशानातील सोनं’मध्ये. दगडाची खाण बंद पडून बेकार झालेला भीमा चितेच्या राखेत सोने शोधू लागतो, मग पुरलेली प्रेते उकरतो, आणि एका प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकून कायमची जातात. तेवढ्यात खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. खाणीत हातोडा धरावयास बोटे लागतात. मोपासाँच्या नायिकेचा हार आणि भीमाचे सोने शेजारी ठेवून वाचावे. जग दोन. अण्णा भाऊंनी जे पाहिले होते ते लिहिले. ‘बाहेरचे लोक वाचतात’ या भयाने त्यांनी भीमास कचेरीत नोकरी लावली नाही.

आणि आपण भीती कोणाची धरावी? ज्यांची पुण्यतिथी आपण दरवर्षी करतो त्या नामदेवमहाराजांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात आहेत. त्यांत एका पदात गज, कात्री, सुई, दोरा ही आपल्या दुकानातली सारी सामग्री आली आहे, आणि तीही ईश्वराच्या नामस्मरणाच्या कामी लागून. पंजाबपर्यंतचे लोक ते पद गातात. त्याहून बाहेरचे लोक ते कोणते?

आज बहुतेक लोक तयार कपडे घेतात. पुष्कळ दुकानांत आता विजारीची उंची कमी करणे, चेन बदलणे, एवढेच काम येते. अंगुस्तान म्हणजे काय हे आमच्या नातवास दाखवून सांगावे लागले. त्याचे आम्ही रडगाणे गाणार नाही; मुले शिकली, पुढे गेली, हे आम्हांस हवेच होते. परंतु कापड कसे बेततात, कळी कोठे घालतात, दंड घातलेले लुगडे नेसणाऱ्या बाईची चाल कशी असते, उधारीचे गिऱ्हाईक दिवाळीच्या आधी कोणत्या बाजूच्या रस्त्याने जाते, हे ज्यांच्या घरात ठाऊक आहे त्यांनीच ते लिहिले नाही, तर ते कोण लिहिणार?

आमच्या वडिलांची मापवही आमच्याकडे आहे. जाड पुठ्ठ्याची, खडूच्या बोटांनी पांढरी झालेली. तीत एका गिऱ्हाइकाच्या नावापुढे दर दिवाळीची मापे आहेत. छाती ३२, पुढे ३४, मग लग्नाच्या वर्षी ३६, मग काही वर्षे ३८. नंतर ३७. नंतर ३४, आणि त्या मापाशेजारी वडिलांच्या अक्षरात दोनच शब्द: ‘सैल ठेवणे’. त्यापुढे त्या नावाला माप नाही. आम्ही कथालेखक नाही, म्हणून ही वही वापरावयाची आम्हांस साधत नाही. समाजातील ज्या मुलास वा मुलीस ती हवी असेल त्याने घरी येऊन पाहावी.

पेत्रोविचची एक गोष्ट सांगावयाची राहिली. कोट तयार झाल्यावर तो धुऊन आलेल्या स्वच्छ रुमालात बांधून स्वतः अकाकीच्या घरी घेऊन येतो, त्याच्या खांद्यावर घालतो, पाठ खाली ओढून बसवितो, बाह्या पाहतो. पैसे मिळतात. अकाकी तोच कोट घालून कचेरीस निघतो. पेत्रोविच मागोमाग रस्त्यावर येतो आणि दूर जाणाऱ्या कोटाकडे बराच वेळ पाहत उभा राहतो. मग एका वाकड्या गल्लीत शिरून, पळत पुढच्या रस्त्यावर येतो. पाठ पाहून झाली, आता कोट समोरून कसा दिसतो ते पाहावयास.

पुढील वर्षाच्या स्मरणिकेसाठी कथा मंडळाकडे वेळेवर पाठवाव्यात, ही विनंती.